पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी : प्रयोग उभा करतानाच्या नोंदी

१४ जून २०२५

प्रश्न आज कागदावर उतरला. मराठी वाचताना पहिल्या वेलांटीला दुसऱ्या वेलांटीपेक्षा जास्त वेळ लागतो का?

‘कि’ लिहिताना वेलांटी क-च्या डावीकडे बसते, उच्चारात मात्र आधी क् येतो आणि मग इ. डोळ्याला जे आधी भेटतं ते जिभेवर नंतर यायचं असतं. ‘की’मध्ये लिखाणाचा आणि उच्चाराचा क्रम एकच. हिंदी वाचकांवर याच मुद्द्याचं काम ज्योत्स्ना वैद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. ज्या शब्दांत मात्रेची जागा आणि उच्चाराचा क्रम जुळत नाही, ते वाचायला वाचकांना जास्त वेळ लागला. मराठीत हे तपासायचं तर मराठीच्या अडचणी वेगळ्या आहेत. त्या पुढे येतीलच.

प्रश्न मुळात मैत्रिणीचा. ती विशेष शिक्षिका आहे. वाचनात मागे पडलेली मुलं पहिल्या वेलांटीपाशी जास्त अडखळतात, असं तिला वर्षानुवर्षं दिसत आलंय. ती म्हणाली, “मला दिसतं ते खरं आहे की मी तेच बघत असते म्हणून दिसतं, हे मला कळायला हवं.” संशोधनाची सुरुवात याहून चांगली होऊ शकत नाही. अडखळणं लक्षात राहतं, न अडखळता पार पडलेली वेलांटी लक्षात राहत नाही. तक्त्यात चार घरं असतात: पहिली वेलांटी आणि अडखळलं, पहिली आणि नाही अडखळलं, दुसरी आणि अडखळलं, दुसरी आणि नाही अडखळलं. रोजच्या अनुभवात आपण फक्त पहिलं घर भरतो. बाकीची तीन भरल्याशिवाय या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही हे सांगताच येत नाही.

आधी मोठ्या माणसांवर करायचं ठरलं. मुलांवरचं काम नंतर, आणि तेही हे नीट जमलं तर.

१९ जून

संख्याशास्त्र मुळापासून शिकायला घेतलंय. मैत्रिणीच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक दर आठवड्याला वेळ देतात. त्यांची अट एकच: सूत्र लिहिण्याआधी आकडे हाताने मांडायचे.

आजचे आकडे, एका काल्पनिक वाचकाला पाच शब्द उच्चारायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत: ५२०, ५४०, ५६०, ५८०, १९००. सरासरी ८२०. मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, ५६०. हा वाचक ८२०च्या आसपास एकदाही नाही. एका शब्दाला तो थबकला आणि सरासरी तिकडे ओढली गेली.

प्रतिसादाचा वेळ मोजणाऱ्या प्रत्येक प्रयोगाचं हेच असतं. वेळेला खाली मर्यादा आहे, कारण १०० मिलिसेकंदांत कुणी शब्द वाचून उच्चारू शकत नाही. वर मर्यादा नाही, त्यामुळे वितरणाला उजवीकडे लांब शेपूट येतं. त्यावर उपाय तीन: मध्यक वापरणं, वेळेचा लॉगॅरिदम घेणं (त्याने लांब शेपूट आखडतं), किंवा ठरावीक मर्यादेपलीकडचे प्रतिसाद वगळणं. सर म्हणाले, “तिन्ही चालतील. पण कुठला ते आकडे हातात येण्याआधी ठरवा.” हे वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

२६ जून

प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी या दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्या. विचलन सांगतं, माणसं एकमेकांपासून किती लांब आहेत. त्रुटी सांगते, आपण काढलेली सरासरी किती डळमळीत आहे. विचलन १०० असेल आणि माणसं २५, तर त्रुटी १०० भागिले ५, म्हणजे २०. ती अर्धी करायची तर माणसं ५० करून भागत नाही, १०० लागतात. वर्गमुळाची ही किंमत पुढे प्रत्येक टप्प्यावर मोजावी लागणार.

फ्रान्सिस अॅन्स्कोम यांचे १९७३चे चार संच आलेखावर काढले. चारही संचांची सरासरी, विचलन, सहसंबंध जवळपास सारखे, चित्रं मात्र चार तऱ्हेची. आलेख आधी, चाचणी नंतर.

३ जुलै

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचा चहाचा प्रयोग. १९३५ मध्ये त्यांनी तो छापला. कपात दूध आधी ओतलं की चहा, हे चवीवरून ओळखता येतं असं एक बाई म्हणतात. आठ कप करायचे, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. आठांतून चार निवडायचे ७० मार्ग आहेत. काहीही ओळखता येत नसेल तर चारही बरोबर येण्याची शक्यता ७० पैकी १, म्हणजे १.४ टक्के. चारांपैकी तीन किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ७० पैकी १७, म्हणजे २४ टक्के. म्हणून तीन कप ओळखले तर फिशर पटवून घेणार नाहीत.

पी व्हॅल्यू म्हणजे एवढंच: काहीच परिणाम नसता तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल किती वेळा दिसला असता. बाईंना ओळखता येतं याची शक्यता ९८.६ टक्के, असा याचा अर्थ होत नाही. हा उलटा अर्थ फार सहज तोंडात येतो आणि छापूनही येतो.

मला मात्र या प्रयोगात पी व्हॅल्यूपेक्षा कपांची मांडणी मोलाची वाटली. क्रम चिठ्ठ्यांनी ठरवला म्हणूनच ‘७० पैकी १’ म्हणण्याचा हक्क मिळतो. दूध आधी घातलेले चारही कप आधी ठेवले असते तर बाईंनी चवीऐवजी क्रम ओळखला असता, आणि कुठल्याही सूत्राला ते नंतर कळलं नसतं.

१२ जुलै

आम्ही दोघी शब्द निवडायला बसलो. इथे मराठीचं शुद्धलेखन आडवं येतं.

शाळेत शिकलेल्या जोड्या आठवल्या: दिन आणि दीन, शिर आणि शीर, पाणि आणि पाणी, मिलन आणि मीलन. अशा जोड्या भरपूर असत्या तर प्रश्नच नव्हता. पण मूठभरच आहेत, आणि त्यांच्यातही ‘पाणी’ रोजचा तर ‘पाणि’ संस्कृतातला, क्वचित डोळ्याखालून जाणारा. वेळेत फरक आला तर तो वेलांटीचा की ओळखीचा?

मग वेगवेगळे शब्द घेऊन दोन गट करायचे म्हटलं, तर नियमच गट वाकडे करतात. शब्दाच्या शेवटी इकार आला की मराठीत तो दीर्घ, तत्सम अव्ययांसारखे अपवाद सोडून. अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार मराठी शब्दांत दीर्घ: मीठ, पीठ, कीव. तत्सम शब्दात मुळाप्रमाणे: विष. आणि विभक्ती लागली की मिठाचा, पिठाला. म्हणजे पहिली वेलांटी कुठे येते ते शब्दाची लांबी, शब्दातली जागा, तत्सम की देशी आणि सामान्यरूप आहे की नाही, या सगळ्यांशी बांधलेलं आहे. ‘मीठ’ आणि ‘मिठाचा’ यांच्यात वेलांटी बदलते आणि सोबत शब्द दोन अक्षरांवरून तीन अक्षरांवर जातो.

याला गोंधळकारी चल म्हणतात. आकडेवारीत नंतर ‘लांबी वजा करू’ असं म्हणता येतं, पण दोन गोष्टी कायम हातात हात घालून येत असतील तर वजाबाकी करायला जागाच उरत नाही. उपाय मांडणीतच शोधायला हवा.

२० जुलै

आजची नोंद लांब होणार. या प्रकल्पातलं सर्वांत महत्त्वाचं मला आज समजलं असं वाटतं.

आपण ‘नमुना’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर माणसं येतात. शंभर माणसं बोलावली, नमुना मोठा. पण आपला दावा ‘या शंभर माणसांना’ असा नसतो, तो ‘मराठी वाचकांना’ असा असतो. त्याचप्रमाणे दावा ‘या सोळा शब्दांत’ असाही नसतो, ‘मराठी शब्दांत’ असा असतो. म्हणजे शब्दही नमुनाच आहेत. हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ मध्ये भाषेवरच्या प्रयोगांबद्दल हेच ठणकावून सांगितलं: माणसं यदृच्छ (मोठ्या समूहातून योगायोगाने हाती आलेली) धरायची आणि शब्द मात्र ठरीव धरायचे, हे बरोबर नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते ती भात नीट ढवळलेला असेल तर, आणि इथे पातेली दोन आहेत.

हे पटायला संगणकावर खोटी आकडेवारी तयार केली. तिच्यात वेलांटीचा परिणाम शून्य ठेवला. खरंखुरं उत्तर ‘काही फरक नाही’ असं आपणच ठरवलेलं. पहिल्या वेलांटीचे ८ शब्द, दुसरीचे ८ शब्द. प्रत्येक शब्दाचा स्वतःचा सोपेपणा किंवा अवघडपणा असतो, त्याचं विचलन ६० मिलिसेकंद धरलं. एकेका प्रतिसादातली आपसूक चढउतार १५० मिलिसेकंद. दोन प्रकारच्या शब्दांतला फरक माणसागणिक बदलतो, त्याचं विचलन २०. सगळ्यांना तेच १६ शब्द.

आता हिशेब. ८ आणि ८ शब्दांच्या सरासरीतला फरक निव्वळ शब्दांच्या नशिबाने किती हलतो? ६० गुणिले (२/८)चं वर्गमूळ, म्हणजे ३०. वेलांटीचा काही संबंध नसताना दोन गटांत ३० मिलिसेकंदांचा फरक पडणं अगदी नेहमीचं आहे. आणि छापील प्रयोगांत २०-३० मिलिसेकंदांच्या फरकावर मोठमोठे निष्कर्ष उभे असतात.

४० माणसं घेतली. प्रत्येकाच्या दोन सरासऱ्या काढून नेहमीची जोडीची टी-चाचणी लावली (दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते ती बघते). तिला शब्दांचं नशीब दिसतच नाही. तिच्या मते त्रुटी सुमारे १२ मिलिसेकंद आहे. परिणामी परिणाम शून्य असताना १०० पैकी सुमारे ४४ वेळा ती ‘फरक आहे’ म्हणते. तिची जाहीर केलेली मर्यादा, म्हणजे पी व्हॅल्यू ०.०५, १०० पैकी ५ची होती.

मैत्रीण म्हणाली, “मग माणसं वाढवू.” माणसं १६० केली. त्रुटी ६ वर आली, शब्दांचे ३० मात्र तिथेच. आता १०० पैकी सुमारे ६९ वेळा खोटा निकाल. माणसं चौपट केल्यावर चूक कमी व्हायला हवी असं मनाला वाटतं. इथे ती वाढली, कारण त्या विशिष्ट १६ शब्दांतला योगायोगाचा फरक आपण अधिकाधिक बारकाईने मोजत गेलो.

शब्द वाढवले की चित्र पालटतं. गटात ४० शब्द घेतले तर ६० गुणिले (२/४०)चं वर्गमूळ, सुमारे १३. आणि विश्लेषणात माणसं आणि शब्द दोन्ही यदृच्छ धरणारं मिश्र प्रतिमान वापरलं तर खोटे निकाल पुन्हा ५च्या आसपास येतात. आकडेवारीसाठीच्या ‘आर’ या संगणकभाषेत हे काम ‘एलएमई४’ या पॅकेजने होतं. जेकब वेस्टफॉल, डेव्हिड केनी आणि चार्ल्स जड यांनी २०१४ मध्ये दाखवलं की शब्दसंख्या बांधलेली असेल तर माणसं कितीही वाढवा, प्रयोगाच्या पॉवरला (खरा परिणाम सापडण्याच्या शक्यतेला) वर छप्पर लागतं.

प्रतिसाद एकूण किती जमले हा आकडा ऐकायला भारदस्त असतो. ४० माणसं गुणिले १६ शब्द, ६४० प्रतिसाद. पण शब्दांबद्दल बोलायचं असेल तर पुरावा १६ शब्दांचाच आहे.

२१ जुलै

कालचं सिम्युलेशन मैत्रिणीने स्वतः, माझा कोड न बघता, पुन्हा केलं. आकडे जुळले.

२ ऑगस्ट

मांडणी सापडली. श्रेय सरांचं: “एका शब्दाला दुसऱ्याशी का तोलता? त्या शब्दाला त्याच्याशीच तोला.”

खरे शब्द बाजूला. निरर्थक शब्द घ्यायचे, ज्यांत फक्त स्वर बदलेल. सांगाडा ‘ड_मळ’ घ्या. त्यात चार स्वर भरा: डिमळ, डीमळ, डुमळ, डूमळ. व्यंजनं तीच, लांबी तीच, अर्थ कुणालाच नाही, त्यामुळे ओळखीचा प्रश्न मिटतो. सुरुवातीचं व्यंजन तेच असल्याने ध्वनिमुद्रणातला एक जुना त्रासही जातो: ‘ट’ किंवा ‘ड’चा स्फोट यंत्राला लगेच कळतो, ‘स’ आणि ‘ह’ हळूहळू उमटतात.

पण उकार कशाला? हीच या मांडणीतली गोम आहे. डिमळ हळू वाचला गेला आणि डीमळ पटकन, तर कारण वेलांटीची जागा असेल, किंवा ऱ्हस्व-दीर्घ हेच असेल. तीन अक्षरी अकारान्त शब्दाच्या पहिल्या अक्षरात दीर्घ इकार-उकार डोळ्याला कमी सवयीचे. जीवन, भीषण, भूषण, सूचक असे बहुतेक तत्समच आठवतात. उकार मात्र दोन्ही खालीच लागतात, पहिला काय, दुसरा काय. त्यांच्यात ऱ्हस्व-दीर्घ आहे, जागेची उलटापालट नाही. म्हणून बघायचं ते असं: इकारातला ऱ्हस्व-दीर्घ फरक वजा उकारातला ऱ्हस्व-दीर्घ फरक. ऱ्हस्व-दीर्घाचं जे काही सामाईक आहे ते वजाबाकीत जातं, उरते ती जागा. दोन गुणिले दोनची मांडणी, आणि आपला प्रश्न तिच्यातल्या आंतरक्रियेत.

सांगाडे जमवायला बसलो तर भराभर गळू लागले. ‘क_रण’मध्ये किरण निघतो. ‘त_रट’मध्ये तुरट. चारांपैकी एक जरी खरा शब्द निघाला तर अख्खा सांगाडा बाद. खऱ्या शब्दाच्या फार जवळ जाणारेही बाद. उरलेल्यांवर तीन परिचितांकडून ‘हा शब्द कधी ऐकलाय का’ एवढंच विचारून घेणार. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी घरांतली माणसं मुद्दाम घेतली आहेत, आम्हाला निरर्थक वाटणारा शब्द कुणाच्या घरात नांदत असू शकतो.

एकाच वाचकाला डिमळ आणि डूमळ दोन्ही दाखवायचे नाहीत, दुसऱ्यांदा तो ओळखीचा होतो. म्हणून चार याद्या. प्रत्येक यादीत प्रत्येक सांगाडा एकदाच, आणि चार याद्या मिळून चारही रूपं पुरी. याला लॅटिन चौरस म्हणतात.

९ ऑगस्ट

पडद्यावर देवनागरी. काही प्रयोग-सॉफ्टवेअरमध्ये अक्षरजोडणी बिघडते, वेलांटी सुटी पडून ठिपक्यांच्या गोलावर बसते. म्हणून प्रत्येक शब्दाचं चित्र करून तेच दाखवायचं. टंक एक, उंची एक, आणि पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताजा होणारा, असल्याने चित्र १६.७ मिलिसेकंदांच्या पटीतच उमटेल, हे नोंदीत असावं. हा उशीर चारही प्रकारांना सारखाच वाटला जातो, त्यामुळे फरकाला धक्का नाही, गोंगाट थोडा वाढतो इतकंच.

एक गंमत कळली. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क येतो, मग वेलांटी. इनस्क्रिप्ट कळफलकावरही तसंच. जुन्या रेमिंग्टन टंकलेखनात मात्र वेलांटी आधी दाबायची. ज्यांची बोटं रेमिंग्टनवर घडली आहेत त्यांचे डोळे वेगळे चालत असतील का? प्रश्न सुंदर आहे, पण या प्रयोगात घ्यायचा नाही. सहभागींच्या माहितीपत्रकात एक ओळ टाकली.

१७ ऑगस्ट

किती माणसं, किती सांगाडे?

पॉवर म्हणजे परिणाम खरा असेल तर तो आपल्याला सापडण्याची शक्यता. नेहमीचं उदाहरण: दोन वेगळे गट, मध्यम परिणाम (कोहेनचा डी ०.५, म्हणजे सरासऱ्यांतला फरक विचलनाच्या निम्मा), गटात २० माणसं. पॉवर सुमारे ३४ टक्के. तीन प्रयोगांतला एकच यशस्वी व्हायचा. ८० टक्के हवी तर गटात ६४. तीच माणसं दोन्ही अटींत असतील आणि त्यांच्या फरकांचा परिणाम ०.५ असेल तर ३४ माणसांत भागतं, कारण प्रत्येकजण स्वतःशीच तोलला जातो. परिणाम ०.२ असेल तर मात्र जोडीच्या मांडणीतही १९९.

छोट्या पॉवरचा दुसरा तोटा मला जास्त टोचतो. अशा प्रयोगात जो निकाल उंबरठा ओलांडतो तो फुगलेलाच असतो, कारण फुगल्याशिवाय तो ओलांडूच शकला नसता. पुढचा संशोधक तो फुगीर आकडा धरून आपली माणसं मोजतो आणि कमी घेतो.

प्रतिसादवेळेच्या प्रयोगांसाठी मार्क ब्रिसबार्ट आणि मायकेल स्टीव्हन्स यांनी २०१८ मध्ये ढोबळ सल्ला दिला: प्रत्येक अटीत निदान १६०० प्रतिसाद, उदाहरणार्थ ४० माणसं आणि ४० शब्द. आपला प्रश्न फरकांमधल्या फरकाचा. दोन फरकांची वजाबाकी केली की त्रुटी २च्या वर्गमुळाने, सुमारे १.४ पटीने वाढते. तेवढ्याच मोठ्या परिणामासाठी माहिती दुप्पट लागते, म्हणजे ३२००. १२० सांगाडे घेतले तर एका माणसाला प्रत्येक प्रकारचे ३० मिळतात. १०८ माणसं गुणिले ३०, ३२४० झाले. १०८ला ४ने भाग जातो, प्रत्येक यादीला २७ माणसं.

सरांनी यावर सही करण्याआधी आमच्याकडून आमच्याच मांडणीचं सिम्युलेशन मागितलंय. ढोबळ सल्ला हा सल्लाच.

२४ ऑगस्ट

डोकावण्याबद्दल. दहा माणसं झाली की बघू, नाही आला फरक तर आणखी दहा, असं पाच वेळा बघितलं आणि दर वेळी ०.०५चीच मर्यादा लावली, तर खोट्या निकालाची शक्यता ५ची १४ टक्के होते. दहा वेळा बघितलं तर १९. वीस वेगवेगळ्या स्वतंत्र चाचण्या लावल्या तर निदान एक खोटी लागण्याची शक्यता ६४ टक्के.

२०११ मध्ये जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सिमॉनसन यांनी अशा चार ‘छोट्या’ सवलती एकत्र घेतल्या: दोन मोजमापांतलं सोयीचं निवडणं, मध्येच माणसं वाढवणं, एखादी अट गाळणं, स्त्री-पुरुष भेद विश्लेषणात ऐच्छिक ठेवणं. खोट्या निकालांचं प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांवर गेलं. यातल्या एकाही माणसाने आकडा बनवलेला नसतो. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के ‘लक्षणीय’ होते, पुनरावृत्तीत ३६ टक्के उरले.

हे वाचून मैत्रीण गप्प झाली. मग म्हणाली की शाळेत येणाऱ्या नव्या वाचनपद्धती अशाच अभ्यासांच्या नावाने येतात, आणि मुलांचं एकेक वर्ष त्यात जातं.

१० सप्टेंबर

गणपतीनंतरची पहिली बैठक. आंतरक्रिया सापडली नाही तर काय म्हणायचं? पी व्हॅल्यू मोठी आली म्हणून ‘फरक नाही’ असं म्हणता येत नाही. कदाचित आपली नजरच कमी पडली असेल. इथे बेझ गुणक उपयोगी: हाती आलेली माहिती ‘परिणाम आहे’ या गृहीतकाखाली जास्त संभवते की ‘नाही’ या गृहीतकाखाली, आणि किती पट. तीनच्या आसपास असेल तर पुरावा तोळामासा, दहाच्या पुढे भक्कम.

या गुणकामागे ब्रिटिश गणितज्ञ हॅरल्ड जेफ्रीज. हे विश्लेषण सोपं करणारं अॅम्स्टरडॅमचं मोफत सॉफ्टवेअर ‘जॅस्प’, त्याच्या नावातला ‘ज’ जेफ्रीज यांचाच. आणि केंब्रिजमध्ये जेफ्रीज यांच्याकडे पीएचडी केलेले कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. सर त्यांच्याबद्दल बोलायला लागले आणि बैठक तासभर लांबली. हा धागा आपल्या इतक्या जवळ आहे आणि मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलांना तो कुणी सांगत नाही, याची खंत वाटते.

२० सप्टेंबर

पूर्वचाचणी. आकडे बघायचे नाहीत, फक्त यंत्रणा चालते का ते बघायचं, असं आधीच ठरलं होतं.

पहिल्या वाचकाने शब्द दिसल्यावर ओठ उघडताना हलकासा ‘टच्’ आवाज केला आणि आवाजावर चालणारं घड्याळ तिथेच थांबलं. पुढे एका शब्दाआधी “अं…”. मग पंख्याची खरखर. तिन्ही वेळा घड्याळाच्या लेखी उत्तर आलेलं होतं. म्हणून घड्याळ काढून टाकलं. पूर्ण ध्वनिमुद्रण करायचं आणि ‘प्राट’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लहरीकडे बघून उच्चाराची सुरुवात हाताने खुणेने दाखवायची.

हाताने आलं की अपेक्षा आली. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो असं लोक मानत. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं की घोडा प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगाची बारीक हालचाल वाचतो, आणि विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर चुकतो. फसवण्याचा कुणाचाही हेतू नव्हता. आमचंही तसंच होऊ शकतं: ‘डि’ आहे हे कळलं तर खूण वीस मिलिसेकंद उजवीकडे सरकायला कितीसा वेळ? तर फायलींची नावं सरमिसळ केली. खूण करणाऱ्याला उच्चाराचा फक्त सुरुवातीचा तुकडा दिसेल, स्वर ऐकू येण्याआधी कापलेला. काही फायली दोघीही स्वतंत्रपणे खुणावू आणि आमचा मेळ किती बसतो ते निकालासोबत देऊ.

४ ऑक्टोबर

सहभागी कोण? जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वर्तनशास्त्रांना विचारलेला प्रश्न इथेही लागू आहे: पाश्चात्त्य, शिक्षित, सधन समाजांतल्या विद्यार्थ्यांवरून ‘माणूस’ कसा आहे हे तुम्ही कसं सांगता? पुण्यातल्या महाविद्यालयातली १०८ मुलं घेऊन ‘मराठी वाचक’ म्हणणं त्याच जातीचं. आम्ही दहावीपर्यंत मराठी माध्यम ही अट ठेवली, वय १८ ते ४०, आणि भरती दोन ठिकाणी: एक शहरातलं महाविद्यालय, एक तालुक्याचं ग्रंथालय. तरी दावा तेवढ्यापुरताच राहील. जवळपास सगळे हिंदीही वाचतात, तेही लिहू.

संमतीपत्रकाचा मसुदा नीतिमत्ता समितीने मान्य केला. आवाज मुद्रित होणार, तो कुठे ठेवणार, कधी पुसणार, मध्येच उठून जायची मुभा, हे सगळं साध्या मराठीत. मैत्रिणीने तो ग्रंथालयातल्या शिपाईमामांना मोठ्याने वाचून दाखवला आणि जिथे त्यांनी “म्हंजे?” विचारलं त्या प्रत्येक ओळीची भाषा बदलली.

१२ ऑक्टोबर

पूर्वनोंदणी, म्हणजे आकडे जमवण्याआधीच प्रश्न आणि विश्लेषण नोंदवून ठेवणं, आज कुलूपबंद. मुद्दे जसे दाखल केले तसे इथे उतरवते, पुढे कुणी ही वही उघडली तर ताडून बघता येईल.

मुख्य प्रश्न एकच: इकारातला ऱ्हस्व-दीर्घ फरक उकारातल्या फरकापेक्षा मोठा आहे का. बाकी जे दिसेल ते ‘शोधक’ या शीर्षकाखाली. ३०० मिलिसेकंदांच्या आतले आणि २५०० च्या पुढचे प्रतिसाद वगळायचे, चुकीचे उच्चार वेळेच्या विश्लेषणातून बाहेर, पण चुकांची संख्या स्वतंत्र द्यायची. ऱ्हस्व-दीर्घाची चूक मात्र चूक धरायची नाही. बोलताना हा भेद बहुतेकांच्या तोंडी पुसट झालाय आणि तो कानाने ठरवायला गेलो तर दोघींचं एकमत होणार नाही. वेळेचा लॉगॅरिदम घ्यायचा. मिश्र प्रतिमानात माणसं आणि सांगाडे दोन्ही यदृच्छ, दोघांचे उतारही (म्हणजे फरक माणसागणिक आणि सांगाड्यागणिक बदलू शकतो, हेही धरायचं). १०८ पुरे होईपर्यंत डोकावायचं नाही. कुणी मध्येच सोडून गेलं तर त्याच यादीवर नवा सहभागी.

आंतरक्रिया सापडली तर दावा ‘निरर्थक शब्द मोठ्याने वाचताना’ एवढाच. बेझ गुणक ‘नाही’च्या बाजूने दहाच्या पुढे गेला तर तसं स्पष्ट छापायचं, आणि मैत्रीण तिच्या शाळेत पहिल्या वेलांटीसाठी राखून ठेवलेला जादा तास दुसऱ्या कामाला लावेल. मधलंच काहीतरी आलं तर ‘या नमुन्यात ठरत नाही’ असं लिहायचं. कोणत्याही निकालात सांगाड्यांची यादी, कोड आणि आवाज वगळून सगळी माहिती खुली ठेवायची.

ग्रंथालयाची खोली सोमवारपासून मिळाली आहे. पंखा बंद ठेवावा लागेल, म्हणून सकाळच्या वेळा मागून घेतल्या.